तासाला ७२ कोटी फेऱ्या, कातडीवर १८ तास

आपल्या घरातल्या विजेची दिशा सेकंदाला १०० वेळा बदलते. ५० हर्ट्झ म्हणतात ते हेच. सेकंदाला ५० पूर्ण फेऱ्या आणि प्रत्येक फेरीत दोनदा उलटापालट. मेंदूच्या एका अत्यंत आक्रमक कर्करोगावर विद्युत क्षेत्राचा जो उपचार काही देशांत दिला जातो, त्यातली वीज सेकंदाला २ लाख फेऱ्या मारते, म्हणजे घरच्या विजेच्या ४,००० पट. पेशीचं प्रत्यक्ष विभाजन साधारण तासाभरात उरकतं. तेवढ्या वेळात त्या पेशीभोवतीचं क्षेत्र ७२ कोटी वेळा फिरून पूर्वपदावर येतं.

रुग्णाला हे जाणवत नाही. त्याच्या तुळतुळीत भादरलेल्या डोक्यावर चार पट्ट्या चिकटवलेल्या असतात, त्यांच्या वायरी खांद्यावरच्या पिशवीतल्या सव्वा किलोच्या यंत्राला जोडलेल्या असतात, आणि तो स्वयंपाक करतो, फिरायला जातो, झोपतो. पट्ट्यांखाली थोडं ऊबदार वाटतं, इतकंच. पण त्या वेळी त्याच्या डोक्यातून वाहणाऱ्या विजेचा आकडा पाहिला तर कुठलाही वायरमन दचकेल. शिखराला जवळजवळ ९०० मिलिअँपिअर! घरातला आरसीसीबी स्विच ३० मिलिअँपिअरच्या गळतीला खटका पाडतो, कारण ५० हर्ट्झची तेवढी वीज अंगातून गेली तर जिवाशी खेळ होतो. इथे विजेचं परिणामी (आरएमएस) मूल्य धरलं तरी त्या ३० मिलिअँपिअरच्या वीसपटींहून जास्त वीज कवटीतून आरपार जाते आहे.

फरक सगळा वेगाचा आहे. मज्जापेशीला आपला एक संदेश पुरा करायला साधारण १ मिलिसेकंद लागतो. तेवढ्यात या विजेच्या २०० फेऱ्या होऊन जातात. मज्जातंतूच्या आवरणावर विद्युतभार साचायला जेमतेम सुरुवात होते तोच दिशा उलटते, भार उतरतो, परत उलटते. मज्जातंतूला चिथावणी अशी मिळतच नाही. वेग कमी केला, हजार हर्ट्झच्या खाली आणला, तर स्नायू आखडू लागतील. वाढवून कोट्यवधी हर्ट्झपर्यंत नेला तर मांस तापू लागेल. या दोहोंच्या मधला पट्टा वैद्यकशास्त्राने वर्षानुवर्षं निरुपयोगी मानला होता. तिथे शरीरावर काही परिणामच होत नाही, अशी समजूत होती.

ती मोडून काढली योराम पाल्टी यांनी. इस्रायलमधल्या हैफा शहरातल्या टेक्निऑन संस्थेत ते शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक होते. २००० साली त्यांनी नोव्होक्युअर ही कंपनी काढली. २००४ मध्ये त्यांच्या गटाचा पहिला मोठा शोधनिबंध आला आणि त्यातला दावा साधा होता. १०० ते ३०० किलोहर्ट्झच्या, दर सेंटिमीटरला एक-दोन व्होल्ट इतक्या सौम्य क्षेत्रात ठेवलेल्या कर्करोगाच्या पेशी नीट दुभंगू शकत नाहीत. न दुभंगणाऱ्या पेशींना मात्र काही होत नाही. मेंदू हे अशा उपचाराला फार योग्य ठिकाण आहे, कारण आपल्या मेंदूतल्या सुमारे ८,६०० कोटी मज्जापेशी प्रौढपणी दुभंगतच नाहीत. तिथे जे भराभर दुभंगतं आहे, ते बहुतेक वेळा ट्यूमरचंच असतं.

आता या ‘सौम्य’ क्षेत्राचा हिशेब मांडू, कारण मला या सगळ्या विषयात सर्वांत थक्क करणारी गोष्ट हीच वाटते. दर सेंटिमीटरला १ व्होल्ट म्हणजे १० मायक्रॉन रुंदीच्या पेशीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फक्त १ मिलिव्होल्ट. उलट पेशीचं स्वतःचं आवरण पाहा. जाडी सुमारे ७ नॅनोमीटर आणि मज्जापेशीत त्याच्या दोन बाजूंमधला फरक ७० मिलिव्होल्ट. भागाकार केला की येतात दर सेंटिमीटरला १ लाख व्होल्ट. आपल्या शरीरातली अशी प्रत्येक पेशी जन्मभर लाखभर व्होल्टचं क्षेत्र आपल्या कातडीत वागवते आहे, आणि आपण बाहेरून लावतो ते त्याच्या एक लक्षांश!

मग एवढ्याशा क्षेत्राने विभाजन अडतं कसं? सांगितलं जाणारं कारण असं. पेशी दुभंगताना ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनाचे, जेमतेम ८ नॅनोमीटर लांबीचे तुकडे रांगेत जुळून दोऱ्या तयार होतात, आणि त्या दोऱ्या गुणसूत्रांना दोन बाजूंना खेचतात. या तुकड्यांचं एक टोक धन, दुसरं ऋण असतं, म्हणून फिरत्या क्षेत्रात ते नीट रांग धरत नाहीत. पेशीची कंबर आवळली जाते त्या शेवटच्या टप्प्यात तर क्षेत्र त्या अरुंद जागी एकवटतं आणि आतले कण तिकडे ओढले जातात. चित्र पटण्याजोगं आहे. पण पदार्थविज्ञानाचा माणूस लगेच आकडे मांडतो, आणि त्याचं बरोबर आहे. एका ट्युब्युलिन तुकड्याला या क्षेत्रातून मिळणारी ऊर्जा ही शरीराच्या तापमानाला त्याला सतत बसणाऱ्या धक्क्यांच्या ऊर्जेपेक्षा हजारो पटींनी कमी भरते. त्या गदारोळात हा इशारा ऐकू जावा कसा? या प्रश्नाचं सर्वमान्य उत्तर अजून मिळालेलं नाही. परिणाम दिसतो, रुग्णांमध्ये मोजलेला आहे, पण यंत्रणेवर वाद चालू आहे. औषधांच्या इतिहासात असं पूर्वीही पुष्कळदा घडलं आहे.

रुग्णांमध्ये काय मोजलं? ग्लायोब्लास्टोमा हा मेंदूचा ट्यूमर अमेरिकेत वर्षाला दर लाख लोकांमागे साधारण तिघांना होतो. शस्त्रक्रिया, रेडिएशन, केमो हे सगळं करूनही तो बहुतेकांत परततो. आधी २३७ रुग्णांवर एक चाचणी झाली. आजार परतलेल्या या रुग्णांत नुसतं विद्युत क्षेत्र हे केमोच्या तोडीचं ठरलं, सरस ठरलं नाही. तेवढ्यावर २०११ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषधनियामक संस्थेने मान्यता दिली. खरी लक्षवेधी चाचणी त्यानंतरची. नव्याने निदान झालेले ६९५ रुग्ण, दोनास एक या प्रमाणात वाटलेले. कर्करोगतज्ज्ञ रॉजर स्टुप यांच्या गटाने २०१७ मध्ये अंतिम निष्कर्ष छापले. नुसत्या केमोवर असलेल्यांचं मध्यक आयुष्य १६ महिने, केमोबरोबर विद्युत क्षेत्र घेणाऱ्यांचं २०.९ महिने. पाच वर्षांनंतर जिवंत असलेले ५ टक्क्यांऐवजी १३ टक्के. या आजारात अशी वाढ फार क्वचित मिळते. चाचणीवर टीकाही झाली. तुलनेच्या गटाला खोटं यंत्र दिलेलं नव्हतं, त्यामुळे कोण कुठल्या गटात आहे हे सर्वांना दिसत होतं, ही त्यातली मुख्य आणि रास्त टीका. पुढे फुप्फुसाच्या कर्करोगात २७६ रुग्णांवर १५० किलोहर्ट्झने केलेल्या चाचणीत ९.९ महिन्यांचे १३.२ झाले, आणि स्वादुपिंडाच्या कर्करोगात ५७१ रुग्णांत १४.२ चे १६.२. मोठी झेप नाही, पण दिशा तीच.

इथपर्यंतची गोष्ट मोठ्या चाचण्यांची झाली. पण मला ज्याबद्दल मनापासून लिहायचं आहे ते आकडे याहून लहान आहेत, मायक्रॉनमधले, आणि सगळा उपचार त्यांच्यावर तोलला आहे.

केमोचं औषध रक्तात उतरलं की काही काळ तिथे राहतं. विद्युत क्षेत्राचं तसं नाही. स्विच बंद केला की त्याच क्षणी शून्य. आणि ते पकडतं फक्त त्या घडीला दुभंगत असलेल्या पेशींना. एक ढोबळ हिशेब करू. घन सेंटिमीटरभर ट्यूमरमध्ये १० कोटी पेशी धरल्या आणि प्रत्येक पेशी दोन दिवसांतून एकदा दुभंगते असं मानलं, तर दिवसाला ५ कोटी विभाजनं होतात, तासाला २० लाखांवर. पट्टी एक तास काढून ठेवली की २० लाख पेशी बिनधास्त दुभंगून जातात. म्हणून डॉक्टर सांगतात की दिवसाला किमान १८ तास यंत्र चालू हवं. १८ तासांत १,२९६ कोटी फेऱ्या. मोठ्या चाचणीत रुग्णांनी हा उपचार मध्यकाने ८.२ महिने घेतला. त्याचा गुणाकार ३ लाख कोटींच्या वर जातो.

या उपचारात मात्रा मिलिग्रॅममध्ये नसते, तासांत असते. आणि तास ठरतात ते कातडीवर.

पट्टीचं काम वरवर सोपं दिसतं, वीज आत सोडायची. पण धातू थेट कातडीला लावून चालत नाही. चुकून जरी एकाच दिशेची वीज वाहिली, तर घामातल्या मिठाचं विघटन होऊन कातडी भाजते. म्हणून धातू आणि कातडी यांच्यामध्ये विजेला अडवणारा थर हवा, जो सरळ वीज रोखेल पण उलटसुलट वीज आरपार पोचवेल. त्यासाठी निवडली ती शिसं, मॅग्नेशियम, नायोबियम आणि टायटेनियम यांची एक खास सिरॅमिक. विद्युत क्षेत्र साठवून घेण्याची तिची क्षमता निर्वात पोकळीच्या १० हजार पटींहून जास्त. पाण्याची ही क्षमता ८० पट आहे, काचेची पाच-दहा पट. दोन सेंटिमीटर व्यासाच्या, एक मिलिमीटर जाडीच्या चकतीचं गणित केलं तर २ लाख हर्ट्झला सिरॅमिकचा विरोध ३० ओहमच्या आसपास येतो. तीच चकती काचेची केली तर तीस ते साठ हजार ओहमच्या घरात. सगळा व्होल्टेज काचेतच संपला असता आणि मेंदूपर्यंत काही पोचलं नसतं.

अशा ९ चकत्या एका पट्टीवर, डोक्यावर चार पट्ट्या, एकूण ३६ चकत्या. एक जोडी पुढून मागे, दुसरी डावीकडून उजवीकडे. दर सेकंदाला यंत्र जोडी बदलतं, कारण पेशी कुठल्या दिशेने दुभंगते आहे हे कुणालाच ठाऊक नसतं, आणि क्षेत्र त्या दिशेला समांतर असलं तर जास्त परिणाम करतं. पट्ट्या दर तीन-चार दिवसांनी बदलतात. तीन दिवसांचा हिशेब धरला तर वर्षाला चार हजारांवर चकत्या एकाच डोक्याला लागून जातात.

सिरॅमिकची ही चकती विजेच्या बाबतीत अप्रतिम, पण ती वाकत नाही. गोल डोक्यावर ती लावणं म्हणजे नारळाला फरशी बसवणं. कडा टोचते, मधे फट राहते. फट भरायला चकतीखाली हायड्रोजेलचा थर असतो. पण केस दिवसाला ०.३ ते ०.४ मिलिमीटर वाढतात. तीन दिवसांत ते मिलिमीटरभर होतात आणि टाळूवरचे लाखभर खुंट मिळून चकतीला खालून उचलू लागतात. शिवाय ज्या कातडीला चिकटवायचं, तिचा सर्वांत वरचा, मृत पेशींचा थर तळहात-तळपायांचा भाग सोडला तर अवघा १० ते २० मायक्रॉन जाडीचा. त्यात पंधरा-वीस पदर, आणि रोज साधारण एक झडतो. म्हणजे गोंदाने ज्याला धरून ठेवलं आहे तेच गळून जात असतं. मोठ्या चाचणीत या उपचाराच्या गटातल्या ५२ टक्के रुग्णांना पट्ट्यांखाली पुरळ, खाज किंवा जळजळ झाली. बहुतेकांत ती सौम्य ते मध्यम होती, पण महिनोन्महिने तेच सोसायचं म्हटलं की सौम्य हा शब्द अपुरा पडतो. पट्टी बदलताना ती प्रत्येक वेळी दोनेक सेंटिमीटर सरकवून लावायला सांगतात, ते त्या जागेच्या कातडीला विसावा मिळावा म्हणून.

फुप्फुसाच्या कर्करोगासाठी छातीवर लावायची पट्टी याहून अवघड. मिनिटाला १५ श्वास धरले तर १८ तासांत १६ हजारांवर वेळा छाती फुलते आणि बसते. न ताणणारी पट्टी प्रत्येक श्वासाला कातडीला थोडी खेचत राहते.

आणि उष्णता. चकतीखालची कातडी ४१ अंशांच्या वर जाऊ द्यायची नाही, हा नियम. टाळूचं स्वाभाविक तापमान ३४ अंशांच्या आसपास धरलं तर हाताशी सातच अंश उरतात. चकत्यांच्या मध्यात बसवलेले थर्मिस्टर सतत तापमान सांगतात आणि एखादी चकती जास्त तापली की यंत्र सगळ्या पट्टीची वीज कमी करतं. तापणं विजेच्या वर्गाने वाढतं. वीज १० टक्क्यांनी वाढवली तर उष्णता २१ टक्क्यांनी, दुप्पट केली तर चौपट. त्यामुळे कडेची एक चकती जरी नीट बसली नाही, तरी उरलेल्या सगळ्यांना तिच्या मर्यादेत राहावं लागतं, आणि ट्यूमरवर पडणारं क्षेत्र तेवढं दुबळं होतं. टाळूवरची बारीकशी फट मेंदूच्या आत सहा-सात सेंटिमीटरवरच्या मात्रेवर परिणाम करते, हे मला पहिल्यांदा वाचताना खरं वाटलं नव्हतं.

म्हणून अभियंते चकती सोडून फिल्मकडे वळले. नोव्होक्युअरच्या पेटंटांत व्हिनिलिडीन फ्लोराइडच्या जातीच्या एका पॉलिमरचं वर्णन आहे. विद्युत क्षेत्र साठवण्याची त्याची क्षमता निर्वात पोकळीच्या फक्त ४० पट. १० हजारांवरून ४० म्हणजे अडीचशे पटींचा तोटा, आणि पहिल्या नजरेला हा मूर्खपणाच वाटतो. पण सिरॅमिक एक मिलिमीटरपेक्षा फार पातळ केली तर फुटते. पॉलिमर मात्र १० मायक्रॉनपर्यंत, केसाच्या जाडीच्या सहाव्या-सातव्या हिश्शापर्यंत पातळ करता येतो. जाडी शंभरपटींनी घटली की विरोधही शंभरपटींनी घटतो. अडीचशेच्या तोट्यातून शंभर परत मिळाले, राहिले अडीच. ते क्षेत्रफळातून काढायचे. गोल चकत्यांच्या मधे वाया जाणारी जागा सलग फिल्मने वापरायची. हिशेब जुळतो.

आणि बदल्यात काय मिळतं? एखादी पाटी किती ताठ हे तिच्या जाडीच्या घनावर ठरतं. जाडी शंभर पट कमी केली की ताठपणा शंभराच्या घनाने, म्हणजे १० लाख पटींनी कमी होतो. हे झालं नुसत्या जाडीमुळे. पॉलिमर मुळातच सिरॅमिकपेक्षा कितीतरी मऊ, ते वेगळंच. प्रत्यक्ष पट्टीत धातूचा पत्रा, जेल, वरचं कापड हे सगळं येतं, त्यामुळे पूर्ण १० लाखांचा लाभ रुग्णाच्या डोक्यापर्यंत पोचत नाही. पण त्यातला थोडा हिस्साही पुरेसा आहे. अलीकडे युरोप-अमेरिकेत डोक्यासाठी लवचीक पट्ट्या वापरात आल्या, त्या याच ओढीतून.

जोखीम मात्र जाडीबरोबर पातळ होत नाही. १० मायक्रॉनच्या फिल्मवर २ व्होल्ट पडले तरी तिच्या आत क्षेत्र होतं दर सेंटिमीटरला २,००० व्होल्ट. कारखान्यात एक डोळ्यांना न दिसणारं छिद्र राहिलं तर ती जागा नेमकी वीज ओतणारी तोटी बनेल.

उष्णता पसरवायलाही एक सुंदर युक्ती पेटंटांत आहे. फिल्म आणि कातडी यांच्यामध्ये ग्राफाइटचा पातळ पत्रा. या ग्राफाइटमध्ये उष्णता आडवी पळते ती उभ्या दिशेच्या शंभरपटींहून वेगाने. वीजही आडवी सहज पसरते. त्यामुळे गरम ठिपके विरतात, सगळी पट्टी सारखी ऊबदार राहते, आणि ४१ अंशांचा नियम न मोडता जास्त वीज सोडता येते.

कातडीवरच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये याहून नाजूक कामं झालेली आहेत. संशोधक जॉन रॉजर्स यांच्या गटाने २०११ मध्ये कातडीइतकी मऊ सर्किटं दाखवली. टोकियो विद्यापीठाच्या ताकाओ सोमेया यांच्या गटाने २०१३ मध्ये चौरस मीटरला ३ ग्रॅम वजनाचं सर्किट बनवलं. झेरॉक्सचा कागद ८० ग्रॅमचा असतो. २०१७ मध्ये त्यांनी सोन्याच्या नॅनोजाळीचं इलेक्ट्रोड बनवलं. त्यातून घाम आणि हवा जाते, आठवडाभर लावूनही कातडी सुजत नाही. मग हेच कर्करोगासाठी का नाही वापरत? कारण ती जाळी ऐकण्यासाठी आहे. ऐकणाऱ्या इलेक्ट्रोडने पकडायचे मेंदूचे संकेत असतात ५० मायक्रोव्होल्टच्या आसपास, आणि वीज जवळजवळ शून्य. इथे १५ सेंटिमीटर रुंद डोक्यात दर सेंटिमीटरला व्होल्टभर क्षेत्र हवं, म्हणजे किमान १५ व्होल्ट, ३ लाख पट, आणि सोबत अँपिअरच्या जवळ जाणारी वीज. ऐकणारी कातडी बनवणाऱ्यांनी पुष्कळ शिकवलं आहे. अँपिअर वाहून नेणारी, घाम जाऊ देणारी, आठवडाभर टिकणारी कातडी अजून बनायची आहे.

ती बनली तर किती फरक पडेल याचा अंदाज त्याच ६९५ जणांच्या चाचणीतून मिळतो. उपचारगटातल्या ज्या ४५० रुग्णांच्या वापराच्या तासांची नोंद होती, त्यांत ९० टक्क्यांहून जास्त वेळ, म्हणजे दिवसाला साडेएकवीस तासांच्या वर, पट्ट्या लावणारे फक्त ४३ निघाले. त्यांच्यातले पाच वर्षांनी जिवंत असलेले २९ टक्के. मुळात ज्यांची तब्येत बरी तेच जास्त वेळ लावू शकले असतील, ही शंका योग्यच आहे आणि आकड्यातला काही भाग तिच्या खात्यावर जाईल. तरीही ४५० पैकी ४३ हे प्रमाण रुग्णांच्या जिद्दीवर सोडून चालणार नाही. त्यात किमतीचा भार आहेच. अमेरिकेत या उपचाराचा छापील दर महिन्याला २१ हजार डॉलर सांगितला जातो, म्हणजे सतरा लाख रुपयांहून जास्त. आपल्याकडच्या कुटुंबाला ही रक्कम ऐकूनच आशा सोडावी लागते.

महाराष्ट्रात पॉलिमर शिकणारी, कापडशास्त्र शिकणारी, गोंद आणि जेलवर प्रयोग करणारी मुलं-मुली अनेक महाविद्यालयांत आहेत. त्यांनी आणि त्यांच्या शिक्षकांनी प्रकल्पाचा विषय निवडताना याचा विचार करावा, ही कळकळीची विनंती. घामेजलेल्या, केस वाढणाऱ्या, श्वासागणिक ताणल्या जाणाऱ्या कातडीवर आठवडाभर टिकेल, न खाजता सोसवेल आणि स्वस्तात बनेल अशी पट्टी हवी आहे. तिची मोजमापं वर दिली आहेत.